कोरड्या मुलखातला पाणकाठ

धाराशिव जिल्ह्याच्या नकाशावर समुद्राची निळी रेघ शोधू जाणाऱ्याच्या पदरी निराशाच यायची. सह्याद्रीने पावसाचा सिंहाचा वाटा उचलल्यावर जे उरेल त्यावर बालाघाटाच्या पठाराने आपले भागवावे, असा या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. तथापि तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याच्या कडेला, असे एक गाव आहे की जेथे माणसाने पाण्याच्या कडेकडेने निवांत पायी हिंडावे, आणि पाण्यासाठी, पाण्यावर, किंबहुना पाण्याच्या पोटात बांधलेली वास्तू डोळे भरून पाहावी. ते गाव नळदुर्ग.

नळ राजाने हा दुर्ग वसविला ही दंतकथा. कल्याणीचे चालुक्य, बहामनी सुलतान, विजापूरचे आदिलशहा, मोगल आणि शेवटी निजाम अशी सत्तेची फेरपालट हा इतिहास. आज दिसणारी दगडी तटबंदी मुख्यतः अली आदिलशहाने 1558 च्या सुमारास उभारलेली आहे. सुमारे तीन किलोमीटरांचा तो घेर आणि त्यातले 114 बुरूज एका दमात पाहून होणारे नव्हेत, म्हणून सुज्ञाने हुलमुख दरवाज्यातून आत शिरताच कोणते बुरूज सोडायचे याचा निश्चय करावा. उपळी बुरूज मात्र सोडू नये. त्याच्या 70 हून अधिक पायऱ्या धापा टाकीत चढून गेल्यावर, माथ्यावरच्या लांबलचक तोफांशेजारी उभे राहिले म्हणजे संपूर्ण रचना एकदम उलगडते. काळ्या पाषाणाचे पठार, त्याला बिलगून वाहणारी बोरी नदी, पैलतीरावर रणमंडळ नावाचा धाकटा उपदुर्ग, आणि या दोहोंना सांधणारी, नदीच्या पात्रात आडवी उभी राहिलेली एक प्रचंड दगडी भिंत.

या भिंतीपाशी सावकाश थांबावे. पैलतीरावरची उंच जागा शत्रूच्या हाती पडली तर तेथून तोफा डागून किल्ला जेरीस आणता येईल, हे ओळखून ती जागा तटाने वेढली, म्हणून रणमंडळ झाले. आणि दोन्ही तीरांमध्ये दळणवळण राहावे, शिबंदीला बारमाही पाणी मिळावे, शिवाय तटाखाली अथांग पाण्याचा पहारा बसावा, म्हणून बोरी अडविली गेली. एका बांधाने तीन कामे भागली. कोणत्याही दरबारातल्या काटकसरी दिवाणाने या तजविजीवर संतोषाने शिक्का उमटविला असता.

परंतु गादीवर होता दुसरा इब्राहिम आदिलशहा, तंबोऱ्याला मोतीखान असे लाडके नाव देणारा, ‘किताब-ए-नौरस’ नावाच्या गीतसंग्रहाचा कर्ता, आणि प्रजा ज्याला जगद्गुरू म्हणे असा रसिक पुरुष. त्याच्या अमदानीत, हिजरी 1022 म्हणजे इसवी सन 1613 मध्ये, या भिंतीच्या ऐन गाभ्यात एक महाल सिद्ध झाला, तोच पाणीमहाल. बांधाच्या माथ्यावरून अरुंद जिन्याने आत उतरावे, तो प्रथम अंधार आणि गारवा अंगावर येतो, पाय चाचपडत पुढे टाकावा लागतो, आणि मग एकाएकी कोरीव कमानींचे छोटेसे दालन आणि प्रवाहाच्या उतरत्या बाजूस उघडणारा सज्जा समोर येतो. नदीला पूर असला म्हणजे बैठकीतल्या माणसाच्या पाठीमागे तुंबलेला जलाशय असतो, माथ्यावरून पाणी धावत असते, आणि समोर त्याच पाण्याचा पडदा खोल दरीत कोसळत असतो; आतला मनुष्य मात्र कोरडाच राहतो.

बांधावरून पाणी बाहेर पडण्यासाठी ज्या दोन वाटा ठेवल्या आहेत, त्यांच्या धबधब्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. पुराचा भार भिंतीवर न साचता ठरावीक वाटेने निघून जावा, हा धरण बांधणाऱ्याचा सनातन नियम. नळदुर्गच्या स्थपतीने तो नियम पाळला आणि त्यातूनच तमाशाही उभा केला. आपल्याकडे आज पाणीपुरवठ्याचे खाते वेगळे आणि सौंदर्याचे, असलेच तर, वेगळे. एकाची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर जात नाही. सतराव्या शतकातल्या या गवंड्यांना ती वाटणी ठाऊक नसावी, अन्यथा लष्करी बांधाच्या पोटात, जेथे एरवी केवळ दगड आणि चुना भरून कर्तव्य संपले असते, तेथे बसून पाणी पाहण्याची जागा कोणी कशाला सोडली असती?

पुढे 1853 च्या तहनाम्याने हा मुलूख काही वर्षे कंपनीच्या अमलाखाली गेला, तेव्हा त्याचा कारभार पाहण्यास आला कर्नल मेडोज टेलर, ठगाच्या कबुलीजबाबाची गाजलेली कादंबरी लिहिणारा. त्याने बिऱ्हाड केले ते या किल्ल्यातच. 1860 साली मुलूख निजामाला परत मिळाला; जिल्ह्याला नाव नळदुर्गचेच होते, पण विसाव्या शतकाच्या आरंभी कचेऱ्या उठून धाराशिवास गेल्या, आणि नळदुर्ग तालुक्याचेही ठाणे नसलेले एक साधे गाव होऊन बसले.

पर्यटकांची झुंबड पाणीमहालाशी होते आणि तेथूनच ओसरते. रणमंडळाच्या बाजूला वळणारा क्वचित. वास्तविक धबधब्याची खरी भव्यता, आणि त्या भिंतीचा उतार, तिकडून अधिक नीट दिसतो. नऊ पाकळ्या फुलाव्या तशा नऊ अर्धवर्तुळांनी घडविलेला नवबुरूजही असाच दुर्लक्षित आहे.

पायांत बळ उरले असेल तर गावालगतच्या मैलारपुरात खंडोबाला जावे. या देवाची मूर्ती एकच आणि गावे दोन, नळदुर्ग आणि अणदूर. मूर्तीने वर्षातला किती काळ कोठे राहावे याचा मानकऱ्यांमध्ये रीतसर लेखी करार होतो, आणि देवही तो बिनतक्रार पाळतो. मैलारपूरची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला भरते. त्या दिवसांत दर्शन घडेल, पण नर-मादी बहुधा मुके असतील; ज्याला पाणीच पाहायचे आहे त्याने वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागल्याची वार्ता कानी येताच निघावे, वहाण घसरणारी नसावी, आणि शक्यतो रविवार टाळावा.