सत्तर पानांचा पुडा

पहाटे साडेतीन

मे महिन्यात गडचिरोलीतल्या कोरची-कुरखेड्याकडची गावं कोंबड्याच्या आधी उठतात. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पान फार कोवळं तोडलं तर वाळल्यावर हातात राहत नाही, जून झालं तर विडीला वळत नाही, आणि मध्येच वळवाचा पाऊस आला तर सगळी मेहनत शब्दशः पाण्यात. म्हणून अंधारातच बॅटऱ्या हलायला लागतात. बायका डोक्याला फडकं बांधतात, कोणी बाटली भरून घेतं, कोणी रात्रीचा भात डब्यात कोंबतं.

हातपंपाजवळ ग्रामसभेची दोन पोरं उभी असतात. कोणी एकटंदुकटं जंगलात शिरू नये, एवढंच त्यांनी या वेळी पाहायचं. दहा-बारा जणांचा जथा जमला की एकाच्या गळ्यात शिट्टी अडकवायची आणि जथा कोणत्या अंगाला गेला ते वहीत टिपायचं. अस्वलाची धास्ती इथे जुनीच. टेंभरं पिकली की तेही याच झाडाखाली येतं. वाघाची धास्ती अलीकडे वाढली. मे २०२५ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, पानं तोडायला गेलेल्या तीन बायकांचा एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. तेव्हापासून ही वही कोणी हसण्यावारी नेत नाही.

सकाळी सात

जथे जंगलात आहेत आणि गावाबाहेरच्या फळीवर पलटाई चालू आहे. फळी म्हणजे पुडे जमा करायचं उघडं मैदान. काल, परवा, तेरवा आलेले पुडे शंभर-शंभराच्या पट्ट्यांत मांडून ठेवलेले असतात. वरची बाजू वाळली की प्रत्येक पुडा हातानं उलटायचा. दांडपट्टा फिरवल्यासारखं भराभर उलटून चालत नाही, पानाची कड मोडते. पोरं उकिडवी बसून पुढे सरकत राहतात. ऊन चढायच्या आत हे उरकावं लागतं. नऊनंतर जमीन पायाला चटके देते.

या पोरांत एक बी.ए. झालेला आहे, त्याला सगळे मुन्शी म्हणतात. बचत गटातल्या दोघी चेकर. बाकीचे तीन-चार जण पडेल ते करतात. ठेकेदारी चालायची तेव्हा मुन्शी आणि चेकर ठेकेदाराची माणसं असत, पगारही तोच देई. या गावानं तो पगार नाकारला. कारण सरळ आहे. ज्याचा पगार त्याची मोजणी. आता मुन्शी ग्रामसभेचा, चेकर ग्रामसभेच्या आणि पगार कोणाचाच नाही. यातून पुढे जे दुखणं निघालं त्याकडे रात्री येऊच.

मी नागपूरहून हंगामात इथे येतो. आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेलं, तेव्हा हिशेब तपासून द्यायचं काम माझ्याकडे. पुडे उलटायला बसलो की पोरं पाच मिनिटांत म्हणतात, "सर, तुम्ही सावलीत बसा जी." आग्रह मोडायला मलाही जड जातं.

सकाळी दहा

गाव परत आलंय. आता घरोघरी ओसरीवर पानांचे ढीग आणि त्याभोवती सगळं घर. सत्तर पानांचा एक पुडा, वर सालीच्या दोराची गाठ. पानं एकावर एक नीट बसवायची, फाटकं-किडकं बाजूला टाकायचं. शंभर पुडे म्हणजे सात हजार पानं. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार. हे आकडे कागदावर वाचताना काही वाटत नाही; एका बाईची बोटं दोन तास चाललेली पाहिली की सत्तर हजार म्हणजे काय ते कळतं. सातवी-आठवीतली पोरंही बांधायला बसतात. शाळेला सुटी असते हे खरं, पण नसती तरी बसली असती.

दुपारी बारा

आमच्या कामाची वेळ. ग्रामसभेच्या खोलीत टेबलफॅन, लोखंडी कपाट आणि एक जाडजूड फाइल. ती चाळली की या भागाचा पन्नास वर्षांचा अर्थव्यवहार समजतो.

१९६९ च्या कायद्यानं तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. जंगल खात्यानं लिलाव करायचा, ठेकेदारानं उचलायचं, गावानं मजुरी घ्यायची. ती मजुरी किती असावी यावरून ऐंशीच्या दशकात या जंगलात काय काय घडलं, ते जुन्या माणसांना विचारावं. सांगतात, पण आवाज खाली आणून. १९९६ मध्ये पेसा कायदा आला आणि अनुसूचित क्षेत्रातल्या गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी कागदावर मान्य झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ती आणखी पक्की केली. पण कागदावरची मालकी पायानं चालत गावात येत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. स्वतःचा बांबू स्वतः विकायचा, तर वाहतूक परवाना देणार कोण, यावर तिथे गाडी अडली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा बांबू गावाबाहेर पडला. एका साध्या पावतीपुस्तकासाठी एवढा खटाटोप! पुढच्या वर्षी केंद्रानं नियमच बदलून परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे दिला.

तेंदूचंही तसंच झालं. २०१३ मध्ये गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी जंगल खात्याच्या लिलावाबाहेर पडून पानं स्वतः विकायला काढली. कोणालाच खात्री नव्हती. निविदा कशी काढायची, करारनाम्यात काय लिहायचं, अनामत किती घ्यायची, सगळं कुरखेडा-नागपूरकडच्या संस्थांच्या कार्यकर्त्यांबरोबर बसून शिकायचं होतं. आज कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांची मिळून महाग्रामसभा आहे, आणि तीत प्रत्येक गावाचे दोन पुरुष आणि दोन बाया प्रतिनिधी असतात. एकट्या गावाला व्यापारी पाडून भाव मागतो. गावं एकत्र निविदा काढतात तेव्हा त्याचा सूर बदलतो.

तरी भाव गावाच्या मुठीत नाही. २०१७ च्या हंगामात तो चांगला चढला, त्याच जुलैत जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के लागला आणि पुढच्या वर्षी बोल्या खाली आल्या. कर भरायचा खरेदीदारानं, पण तो बोली लावतानाच तेवढं कापून लावतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दर ५ टक्क्यांवर आणला. त्यातलं किती गावाच्या पदरात पडतं हे बोलीच्या टेबलावर कळेल. व्यापाऱ्याचं मन काही राजपत्रात छापून येत नाही.

मुन्शी आणि मी कालच्या फळीची बेरीज कार्डांशी ताडून पाहतो. प्रत्येक घराकडे एक कार्ड, फळीवर एक रजिस्टर, दोन्हींत तोच आकडा पाहिजे. करारातली एक अट आम्ही लाल शाईनं अधोरेखित करून ठेवली आहे: हप्ता खात्यात पडल्याशिवाय बोद, म्हणजे पुडे भरलेली पोती, गोदामातून हलणार नाहीत. मागे एका व्यापाऱ्यानं माल आधी नेला आणि पैशासाठी गावाला पावसाळाभर फिरवलं, त्यातून आलेलं हे शहाणपण.

दुपारी तीन

कोणी काही करत नाही. फक्त मुन्शी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ नावाची दारू-तंबाखूविरोधी मोहीम चालू आहे, तिचा फलक ग्रामसभेच्या भिंतीवर आहे. त्याच भिंतीला टेकून आम्ही विडीच्या पानांचा हिशेब करतो. ही पानं कुठे सोलापूरच्या, कुठे तेलंगणातल्या बायकांच्या सुपात पडणार, त्यांत तंबाखू भरला जाणार, आणि कोणाची तरी छाती खोकणार. हे इथल्या लोकांना कळत नाही असं शहरातल्यांनी समजू नये. मुन्शीला विचारलं तर तो म्हणतो, "पर्याय द्या जी, मे महिन्यात पंधरा दिवसांत एवढा रोख पैसा देणारा." माझ्याकडे नाही. धान दिवाळीत येतं, मोहफुलं एप्रिलमध्ये संपतात, आणि जूनमध्ये बी-भरण घ्यायचं असतं. मधली खिंड तेंदू लढवतो.

संध्याकाळी पाच

दिवसातली खरी वेळ ही. डोक्यावर गाठोडी, सायकलीच्या कॅरिअरवर गाठोडी, एक म्हातारा बैलबंडीत बसून शेजारणीची गाठोडी घेऊन आलेला. फळीवर प्रत्येकानं आपले पुडे ओळीनं मांडायचे आणि बाजूला उभं राहायचं.

चेकर येते. शंभरातून कुठलेही दोन-तीन पुडे उचलते, गाठ सैल करते, अंगठ्यानं पानं सरकवत मोजते. ओठ हलतात, आवाज नाही.

"बाई, यात त्रेसष्टच आहेत."

"पोरानं बांधला जी. त्याला सत्तरपर्यंत कुठं मोजता येते!"

फळीभर हशा. चेकरही हसते, पण पुडा परत देते. ठेकेदारीत असा पुडा फेकला जायचा, वर शंभरामागे दोन-चार पुडे जास्तीचे काढून घेतले जायचे ते वेगळेच. इथे तो बाजूला ठेवतात. बाईनं पुरा करून आणला की उद्या मोजतात. शंभराला शंभरच, वरचा एकही नाही. ग्रामसभेनं सगळ्यात आधी हाच ठराव केला होता, आणि माझ्या मते भाववाढीपेक्षा याचं मोल जास्त. भाव वर्षावर्षाला हलतो; मोजणी एकदा सरळ झाली की प्रत्येक घराला रोज दिसते.

मात्र सरळ मोजायला लागतं ते मोठं अवघड. गावातली माणसं म्हणजे सगळी एकमेकांची कोणी ना कोणी. सुरुवातीला एका चेकरला सख्ख्या जावेचे पुडे परत करावे लागले आणि दोन्ही चुलींत बोलणं बंद झालं. बाहेरून येणारा मुन्शी निदान सगळ्यांना सारखाच परका असायचा. मग तोड निघाली ती अशी: वरच्या टोल्याचे, म्हणजे वाडीचे, पुडे खालच्या टोल्याची चेकर मोजते, खालच्याचे वरची. नाती तरीही असतातच, पण जरा लांबची. गावचा विकास म्हणून जे काही शहरातल्या सभांमध्ये बोललं जातं, त्यात हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. लोक निधीबद्दल बोलतात, प्रशिक्षणाबद्दल बोलतात. आपल्याच माणसाला ‘सात कमी आहेत’ असं तोंडावर सांगायची ताकद कुठून आणायची, हे कोणी शिकवत नाही.

मोजणी झाली की मुन्शी आकडा मोठ्यानं उच्चारतो, कार्डावर लिहितो, रजिस्टरात लिहितो, आणि समोरच्याला पुन्हा वाचून दाखवतो. ज्यांना वाचता येतं त्यांनाही वाचून दाखवायचं, हा नियम. एक बाई कार्ड हातात घेऊन हटून उभी राहते.

"पानं मी तोडली, बांधली मी. नाव याचं काहून?"

कार्ड नवऱ्याच्या नावावर, म्हणून बँक खातं नवऱ्याचं, म्हणून पैसे त्याच्या खिशात आणि तिथून कुठे कुठे. मुन्शी मान खाजवतो. बोनस, म्हणजे विक्रीतून मजुरीवर मिळणारा पैसा, ज्या नावावर पुडे त्याच नावावर वाटला जातो. मधेच नाव बदललं तर दोन नावांची जुळवाजुळव आली. मी म्हणालो, येईना का, त्यासाठीच तर मी इथे बसलोय. रात्रीच्या बैठकीत विषय घ्यायचं ठरतं.

रात्री साडेआठ

समाजमंदिरात सतरंजी, एक बल्ब, डास. आधी वाचन. आज कोणाचे किती पुडे, फळीवर एकूण किती, किती बोद भरले, व्यापाऱ्याचा कितवा हप्ता जमा. सगळी यादी वाचायला बराच वेळ लागतो आणि निम्मं गाव पेंगतं. पण आपलं नाव आलं की पेंगणारा डोळे उघडतो. मी नीट पाहिलंय. एका घराचा आकडा पंधरानं कमी वाचला गेला तेव्हा घरधनी नाही, त्याची सून मागून ओरडली. रजिस्टर बरोबर होतं, मुन्शीची ओळ चुकली होती.

नावाचा विषय पटकन सुटला. ज्या घरातल्या बाईला हवं असेल तिचं कार्ड उद्यापासून तिच्या नावानं. दोन-तीन पुरुष कुरकुरले. समोर चाळीसेक बाया बसलेल्या असताना कुरकुरण्यापलीकडे जाण्याची सोय नव्हती.

मग ते दुखणं. मुन्शी, चेकर, पलटाईवाले, सगळे हंगामभर फळीवर राबतात आणि तेवढे दिवस त्यांच्या घरचे पुडे कमी पडतात. मजुरी कमी आणि बोनसही कमी, कारण बोनस पुड्यांवर. म्हणजे गावाच्या फायद्यासाठी झटणाऱ्यालाच झळ. अध्यक्षबाबा म्हणाले, "आपल्याच गावाच्या कामाचा पगार कसला?" जुन्या वळणाचा माणूस, त्यांनी उमेदीची वर्षं गावासाठी फुकट घातली आहेत, त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे. खालच्या टोल्याची चेकर उभी राहिली.

"बाबा, तुमच्या घरी पुडे बांधायला आठ हात. माझ्या घरी दोन, आणि ते इथं."

मला विचारलं. मी सांगितलं, ग्रामसभेच्या निधीत जो हिस्सा राहतो त्यातून मानधन द्या, आणि दर आधीच ठरवून द्या. फुकटचं काम एक-दोन हंगाम उत्साहानं होतं. नंतर ते ज्यांना परवडतं त्यांच्याच हाती जातं, आणि ज्यांना परवडतं ते गावातले गरीब नसतात. कोणी मान हलवली, कोणी नाही. किती द्यायचं यावर सूचना आल्या. सरसकट की पुड्यांमागे, यावर दोन तट पडले. दहा वाजून गेले. पहाटे साडेतीनला पुन्हा हातपंपाशी जायचं होतं, लोक उठायला लागले. मानधनाचा विषय हंगाम संपल्यावरच्या सभेत घ्यावा, असं ठरलं.

तसं इतिवृत्तात लिहिलं गेलं. लिहिलं मुन्शीनंच, सुवाच्य अक्षरात, आणि खाली पहिली सहीही त्यानंच केली.