व्यसनमुक्तीनंतर बायकांचा गट: फक्त विरंगुळा की उपचाराचा भाग?

‘दारू सुटली डॉक्टर, पण दुपार जात नाही.’ उपचार घेऊन घरी परतलेल्या बायका असं सांगतात, तेव्हा घरचे म्हणतात, ‘मन घट्ट कर.’ प्रश्न फक्त मनाच्या ताकदीचा नसतो. व्यसनामुळे मेंदूला आनंद एकाच गोष्टीतून मिळवायची सवय लागलेली असते. साध्या गोष्टींची गोडी परत यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्या काळात रिकामा वेळ आणि एकटेपणा धोक्याचा असतो.

बायकांचा वेगळा गट कशासाठी?
स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूचा परिणाम जास्त होतो आणि व्यसन लवकर जडू शकतं. लाजेपोटी मदत मात्र उशिरा घेतली जाते. घरातली मारहाण, मुलांबद्दलची अपराधी भावना यांविषयी पुरुषांसमोर बोलणं अवघड जातं. म्हणूनच पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे.

गटात काय करायचं?
एकत्र फिरणं, गाणी, फुगडी, विणकाम, बागकाम, जे आवडेल ते. व्यसनाची ओढ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ हात कामात आणि सोबत माणसं असली, की ती निभावून नेता येते.

• ज्या वेळी ओढ जास्त लागते, तीच वेळ गटासाठी ठेवा.
• गटातलं बोलणं गटाबाहेर नेऊ नका.
• तिथे दारू, तंबाखू, मिश्री काहीच नको.
• कुणाचा पाय घसरला तर तिला तोडू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा.

हे लक्षात ठेवा
गट हा औषधं आणि समुपदेशनाला जोड आहे, पर्याय नाही. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं.

घरच्यांसाठी
आठवड्यातले ते दोन तास मुलं आणि स्वयंपाक तुम्ही सांभाळा. ‘घर सोडून कुठे मजा करायला निघालीस?’ असं म्हणू नका. तिचं हसणं परत येणं हीही बरं होण्याची खूण आहे.

मदतीसाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६.