फळीवरची चार पुस्तके

एम. ए. ला मी विज्ञानाचे तत्त्वज्ञान हा विषय घेतला तेव्हा घरात पुस्तके ठेवायला फळी नव्हती. वडिलांची पत्र्याची पेटी होती. शिष्यवृत्ती उशिरा येई. आली की मुंबईच्या फोर्टातल्या फुटपाथवर जुनी पुस्तके धुंडाळायची. जी परवडत नसत त्यांच्या झेरॉक्स प्रती काढायच्या. आज फळी आहे, तिच्यावर साठेक पुस्तके आहेत. घरी येणारे विद्यार्थी दोन प्रश्न विचारतात : "सर, यातलं आधी काय वाचू? आणि चळवळीला याचा उपयोग काय?" त्यांच्यासाठी हे टिपण.

पहिले पुस्तक कार्ल पॉपरचे, 'द लॉजिक ऑफ सायंटिफिक डिस्कव्हरी'. मूळ जर्मन १९३४ सालचे, इंग्रजीत १९५९ साली आले. ज्याला पुरावे भरपूर ते वैज्ञानिक विधान, असे आपण समजतो. पॉपरला हे मान्य नाही. आपण कोणत्या परिस्थितीत खोटे ठरू हे जे विधान आधीच सांगते, तेच वैज्ञानिक. सूर्याजवळून जाताना ताऱ्याचा प्रकाश किती वळेल, हे आइन्स्टाइनने आधी सांगितले होते. १९१९ च्या खग्रास ग्रहणात ते तपासले गेले. आकडा जुळला नसता तर सिद्धान्त अडचणीत आला असता. ही जोखीम पत्करणे म्हणजे विज्ञान.

हीच कसोटी आपल्या समाजातल्या एका दाव्याला लावू. बुद्धी रक्तात असते, म्हणतात. आमची मुलगी नापास झाली की 'मुळातच कुवत नाही'. पहिली आली की 'अपवाद'. मी नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला प्रेमाने ऐकवले, "तुम्ही अपवाद आहात हो!" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. रात्री पॉपर उघडला तेव्हा सुचले. आम्ही नापास झालो तरी दावा खरा, पास झालो तरी खरा. मग तो खोटा ठरायचा कधी? ज्याला हरण्याची भीतीच नाही त्या दाव्याने विज्ञानाचा मान मागू नये. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्तही याच प्रकारचा.

पण येथे थांबून चालणार नाही. दुसरे पुस्तक थॉमस कूनचे, १९६२ सालचे. कून दाखवतो की एखादा विरोधी पुरावा आला म्हणून शास्त्रज्ञही सिद्धान्त टाकून देत नाहीत. ते एका चौकटीत शिकतात, तीतलेच प्रश्न सोडवतात. विसंगती फार साचल्या म्हणजेच चौकट मोडते. मग विरोधक म्हणतील, शास्त्रज्ञ जर अपवाद बाजूला ठेवतात तर आम्ही का ठेवू नयेत?

याचे उत्तर तिसऱ्या पुस्तकात आहे. इम्रे लाकातोश हा हंगेरीतला ज्यू. नाझींपासून जीव वाचवण्यासाठी त्याने आडनाव बदलले. त्याची आई आउश्वित्झला मारली गेली. आडनाव लपवणे म्हणजे काय, हे आपल्या विद्यार्थ्यांना समजावून द्यावे लागत नाही. लाकातोश म्हणतो, सिद्धान्ताला ठिगळ लावा. पण त्या ठिगळाने नवे काही दाखवले का ते बघा. युरेनसची गती न्यूटनच्या गणिताशी जुळेना, तेव्हा पलीकडे अज्ञात ग्रह असावा असे मानले गेले आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. 'अपवाद' या ठिगळाने आजवर कोणता ग्रह दाखवला?

चौथे पुस्तक पॉल फायराबेंडचे, 'अगेन्स्ट मेथड', १९७५. विज्ञानाची एकच ठरीव पद्धत नाही, असे तो सांगतो. तज्ज्ञांचा अहंकार उतरवायला ते उपयोगी आहे. परंतु सावध राहावे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम काढायचे ठरवले. ज्योतिष आणि खगोलशास्त्र सारखेच, असे ठसवायलाही अशी पुस्तके ओढून आणता येतात.

बाबासाहेब कोलंबियात जॉन ड्यूईंचे विद्यार्थी होते आणि ते ऋण त्यांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जाहीरपणे मानले. विचार तपासून घेण्याची ही शिस्त आपल्याला परकी नाही.

राहिला पहिला प्रश्न. आधी अ‍ॅलन चामर्सचे 'व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड सायन्स?' वाचावे, मग वरची चार. झेरॉक्स प्रती अजून त्या पत्र्याच्या पेटीत आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी न्याव्यात. वाचून मात्र परत आणून द्याव्यात, मागे आणखी मुले आहेत.