संत्रं जांभळं झालं तेव्हा

पोट्टेहो, जांभळं संत्रं पाहिलंय कधी? मी पाहिलंय. तिवस्याला, आमच्या आबाजींच्या घरी, टीव्हीत!

तेव्हाचा टीव्ही म्हणजे मागं मोठ्ठं पोट असलेला डबा. १९८२ साली दिल्लीत एशियाड झालं, त्याच वर्षी आपलं दूरदर्शन रंगीत झालं. आमच्याकडे रंगीत डबा यायला पुढं बरीच वर्षं गेली. एका संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात संत्र्याची बाग दाखवत होते. आबाजी अगदी पुढं सरसावून बसले होते. पाहतो तर उजव्या कोपऱ्यातली सगळी फळं जांभळी!

"काय केलं रे तुम्ही टीव्हीले?" आबाजी ओरडले.

आम्ही काही केलं नव्हतं. फक्त खंजिरी भजनांची कॅसेट ऐकायला काकांचा मोठा स्पीकर टीव्हीला चिकटवून ठेवला होता. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम आमच्याच तालुक्यात, त्यामुळे त्यांची भजनं घरात रोजचीच. स्पीकर उचलून लांब नेला, तरी डाग तसाच.

दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीवाले काका आले. हातात तारेचं एक जाड वेटोळं, पुरणपोळीपेक्षा थोडं मोठं. कोपऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "टीव्हीले काही झालं नाही आबाजी. त्याले चुंबक लागलं."

झालं होतं असं. त्या डब्याच्या पोटातून इलेक्ट्रॉनचे तीन झोत पडद्याकडे सुटतात. एक लाल ठिपक्यांसाठी, एक हिरव्या, एक निळ्या. काचेच्या जरा मागं बारीक भोकांचा एक पातळ पत्रा असतो, म्हणजे ज्याचा झोत त्याच्याच ठिपक्यावर पडावा. स्पीकरमध्ये असतं चुंबक, आणि चुंबक इलेक्ट्रॉनची वाट वाकवतं. लालचा झोत निळ्याच्या घरात शिरला की संत्रं जांभळं! वर तो पत्राही लोखंडाचा. त्यालाच चुंबकत्व चिकटलं, म्हणून स्पीकर हलवूनही डाग गेला नाही.

काकांनी वेटोळ्याची पिन प्लगात खुपसली. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढं-मागं होते, त्यामुळे वेटोळ्याचं उत्तर टोक आणि दक्षिण टोकही तितक्याच झपाट्यानं अदलाबदल करतात. पडद्यासमोर वेटोळं गोल फिरवताच सगळे रंग पाण्यासारखे हेलकावू लागले. मग काका फिरवत फिरवतच मागं सरकू लागले, एकेक पाऊल, थेट ओसरीपर्यंत. जवळच बंद केलं असतं, तर पत्रा त्या क्षणीच्या चुंबकत्वासह तसाच राहिला असता. हळूहळू लांब गेल्यामुळे प्रत्येक उलटापालट आधीपेक्षा कमजोर होत गेली आणि शेवटी पत्र्यात काही उरलंच नाही. संत्री परत नारिंगी!

आता खरी गंमत. त्या पडद्यात नारिंगी ठिपका एकही नव्हता. आजच्या पडद्यातही नाही. खोटं वाटतं? मोबाइलवर पांढरं पान उघडा. बोटाच्या टोकानं पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि आत लाल, हिरवे, निळे तुकडे दिसू लागतात. मग संत्र्याचा फोटो उघडा. लाल जोरात पेटलेला, हिरवा मंद, निळा जवळजवळ विझलेला! (हा प्रयोग टीव्हीवर नको. आणि जुन्या टीव्हीचं मागचं झाकण तर कधीच उघडू नका. आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, पिन काढल्यावरही काही काळ राहतात.)

आजच्या चपट्या टीव्हीत ते झोतच नाहीत, म्हणून स्पीकरच्या चुंबकानं त्याचे रंग बिघडत नाहीत. तरी रंग बिघडतातच. अशा वेळी पडद्यावरचा पांढरा सदरा शोधा. सदरा पिवळा दिसला तर निळा कमी पडलाय. आकाशी-हिरवट दिसला तर लाल हरवलाय. गुलाबी-जांभळट असेल, तर हिरवा. मग रिमोटवरून टीव्हीची स्वतःची सेटिंगची यादी उघडा. तिचे रंग ठीक असतील तर टीव्ही बहुतेक निर्दोष, सेट टॉप बॉक्सची वायर सैल आहे का ते पाहा. यादीही रंगलेली असेल तर 'वॉर्म' आणि 'कूल' हे पर्याय बदलून पाहा. वॉर्मनं चित्र पिवळसर होतं, कूलनं निळसर.

त्याच यादीत 'टिंट' नावाचं एक बटण असतं, पण पुष्कळदा ते हलतच नाही. ते आलं अमेरिकेतून. तिकडच्या जुन्या पद्धतीत वाटेत रंग घसरायचे, लोक बटण पिळत बसायचे. जर्मनीच्या वॉल्टर ब्रूख यांनी 'पाल' पद्धत शोधली, आपल्या दूरदर्शननं तीच घेतली. तिफणीचा एक बैल नेहमी डावीकडेच ओढत असेल, तर जाताना तास एका बाजूला सरकतो आणि येताना दुसऱ्या. तसंच 'पाल'मध्ये रंगाची एक ओळ सुलटी, पुढची उलटी. एकीची चूक दुसरी खोडून काढते, म्हणून 'टिंट' पिळायची गरजच उरत नाही.

यंदा आंबिया बहाराची संत्री घरी आली की एक फळ टीव्हीतल्या संत्र्याशेजारी धरा. हातातल्या फळावरून खराखुरा नारिंगी प्रकाश येतो, पडद्यावरून नुसता लाल आणि हिरवा. तरी दोन्ही सारखीच दिसतात! कारण आपल्या डोळ्यातही रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत. थॉमस यंग यांनी हा अंदाज १८०२ मध्येच बांधला होता, टीव्ही कुणाच्या स्वप्नातही नसताना.