घटक ४ : मूकपटयुगातील विस्मृत आद्यप्रवर्तक

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• मराठी मुलखात चित्रपटकलेचा आरंभ कसा झाला, हे सांगता येईल.
• दादासाहेब फाळके यांच्या आधीच्या व त्यांच्या सोबतच्या, फारशा परिचित नसलेल्या व्यक्तींच्या कार्याचा परिचय करून देता येईल.
• ‘पहिला’ हे विशेषण कोणत्या निकषावर दिले जाते, याची चिकित्सा करता येईल.
• कलेच्या इतिहासातील विस्मरणाची कारणे स्पष्ट करता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भारतीय चित्रपटाचे जनक कोण, असा प्रश्न विचारला तर आपण सहजपणे दादासाहेब फाळके यांचे नाव घेतो. हे उत्तर योग्यच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला आणि चित्रपटनिर्मिती हा या देशातील एक उद्योग बनू शकतो, हे सिद्ध झाले. परंतु कोणतीही कला एका व्यक्तीच्या हातून पूर्णत्वाने जन्म घेत नाही. तिच्या उभारणीत अनेकांचे श्रम असतात. त्यांपैकी काहींची नावे ग्रंथांत येतात, तर काहींची तळटीपेतही उरत नाहीत. अशा काही व्यक्तींचा परिचय या घटकात आपण करून घेणार आहोत. त्याबरोबरच त्या विस्मृतीत का गेल्या, याचाही विचार करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ सावेदादा : पहिला कॅमेरा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. हे नवे माध्यम पाहून प्रभावित झालेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे एक छायाचित्रकार होते. त्यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डन येथे झालेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर हा बहुमान मिळवणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ मध्ये मायदेशी परतले. त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनी केले. हा भारतातील पहिला वार्तापट मानला जातो.

सावेदादांनी कथा सांगितली नाही. डोळ्यांसमोर घडणारी घटना त्यांनी टिपली. चित्रपटाचा इतिहास कथापटापासून मोजण्याची आपली सवय असल्यामुळे वार्तापट आणि माहितीपट यांच्या या आद्य निर्मात्याला त्या इतिहासात दुय्यम स्थान मिळाले.

४.३.२ ‘पुंडलिक’ आणि ‘पहिला’ या शब्दाचा अर्थ

मालवणचे रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ एक वर्ष आधी, त्याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला. मग पहिला भारतीय कथापट कोणता?

‘पुंडलिक’ला हा मान नाकारणारे अभ्यासक तीन आक्षेप घेतात. पहिला, ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते. दुसरा, छायालेखक जॉन्सन हे इंग्रज होते. तिसरा, फिल्मवरील प्रक्रिया लंडनला करण्यात आली. शिवाय त्याची लांबी सुमारे १५०० फूट, तर ‘राजा हरिश्चंद्र’ची सुमारे ३७०० फूट होती. उलट बाजूने असे म्हणता येते की, विषय, नट आणि निर्मितीची कल्पना भारतीय असताना केवळ छायालेखक परका असल्याने चित्रपट परका ठरत नाही.

या वादात कोणत्याही एका बाजूला उभे राहण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे मतभेद तारखेविषयी नाही, तो ‘चित्रपट’ या संज्ञेच्या व्याख्येविषयी आहे. व्याख्या बदलली की ‘पहिला’ बदलतो. साहित्याच्या इतिहासातही पहिली मराठी कादंबरी कोणती, हा प्रश्न आपल्याला याच वळणावर आणून सोडतो. तोरणे यांचे कार्य मात्र ‘पुंडलिक’पुरते मर्यादित नव्हते. पुढे त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन ही संस्था स्थापन केली आणि बोलपटाच्या आरंभकाळातही कामगिरी बजावली.

४.३.३ फाळके यांच्या सावलीतील माणसे

‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळके यांना एकही स्त्री कलावंत मिळाली नाही. चित्रपटात काम करणे त्या काळी स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक समजले जाई. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात स्वयंपाकी म्हणून काम करणारे अण्णा साळुंके यांनी तारामतीची भूमिका केली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. दुहेरी भूमिकेचे हे आपल्याकडील आद्य उदाहरण होय.

हा निर्बंध प्रथम मोडला तो दुर्गाबाई कामत यांनी. पतीपासून विभक्त झाल्यावर नाटक मंडळीतून उपजीविका करणाऱ्या दुर्गाबाईंनी फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात पार्वतीची भूमिका केली. त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला हिने मोहिनी साकारली. पुढे कमलाबाई गोखले या नावाने ती रंगभूमीवर व चित्रपटात वावरली. अभिनेते चंद्रकांत गोखले हे तिचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. नातवाचे नाव घरोघरी पोहोचले, पण पहिले पाऊल टाकणारी पणजी अपरिचित राहिली.

पडद्यावर कधीच न दिसलेले नाव म्हणजे सरस्वतीबाई फाळके. घरातील दागिने पतीच्या प्रयोगासाठी देणे एवढेच त्यांचे योगदान नव्हते. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परावर्तित करणे ही तांत्रिक कामे त्या करीत. शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. आजच्या भाषेत त्यांना तंत्रसाहाय्यक म्हटले असते. त्या काळी ते ‘घरचे काम’ ठरले आणि घरचे काम श्रेयनामावलीत येत नाही.

४.३.४ कोल्हापूरचे मिस्त्री बंधू

कोल्हापुरात बाबूराव आणि आनंदराव मिस्त्री हे बंधू नाटकांचे पडदे रंगवीत, म्हणून ‘पेंटर’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. विदेशी कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो स्वतःच तयार करण्याचा ध्यास आनंदरावांनी घेतला. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा काम अपुरे होते. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. या देशी कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल पुरवणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर यांचा वाटा मोठा होता.

कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातील गुलाबबाई व अनसूयाबाई यांना पडद्यासाठी कमलादेवी व सुशीलादेवी अशी नावे देण्यात आली. पुढे १९२५ मध्ये आलेल्या ‘सावकारी पाश’ने शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचा विषय हाताळला. त्यात तरुण व्ही. शांताराम यांची भूमिका होती. शांताराम आणि दामले यांच्यासह ‘प्रभात’चे बहुतेक संस्थापक याच कंपनीत घडले. ‘प्रभात’ची कीर्ती सर्वदूर पसरली. पहिला कॅमेरा घडवू पाहणाऱ्या आनंदरावांचे नाव मात्र क्वचितच उच्चारले जाते.

४.३.५ विस्मरणाची कारणे

वरील उदाहरणांवरून विस्मरणाची चार कारणे सांगता येतात.

(१) साधनांचा नाश : त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि काळाच्या ओघात विरघळे. १९३१ नंतर बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. फिल्ममधील चांदी मिळवण्यासाठी कित्येक रिळे वितळवली गेली. ‘पुंडलिक’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि मूळ ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उपलब्ध आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर पुष्कळ काही नष्ट झाले होते.

(२) नावाचा अनुल्लेख : आरंभीच्या काळात नटांची नावे पडद्यावर देण्याची रीत सर्वत्र नव्हती. कॅनडातील हॅमिल्टन येथे जन्मलेली फ्लॉरेन्स लॉरेन्स ही अमेरिकेतील आरंभीची लोकप्रिय नटी. प्रेक्षक तिला केवळ ‘बायोग्राफ कंपनीची मुलगी’ म्हणून ओळखत. १९१० मध्ये तिचे नाव जाहीर झाले आणि पुढे तीही विस्मरणात गेली. गुलाबबाईंची नामांतरित ओळख हा याच प्रश्नाचा आपल्याकडील पैलू होय.

(३) श्रमांची उतरंड : दिग्दर्शकाला कर्ता मानले की कारागीर, भांडवल देणारी गायिका आणि घरातील स्त्री यांचे श्रम आपोआप पार्श्वभूमीला जातात.

(४) ‘जनक’ ही कल्पना : एकाच जनकाचा शोध घेणारा इतिहास लिहायला व लक्षात ठेवायला सोपा असतो. त्या सोपेपणाची किंमत इतरांना मोजावी लागते.

फाळके यांचे श्रेष्ठत्व कमी करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. सरस्वतीबाई, साळुंके आणि दुर्गाबाई यांची नावे त्यांच्या शेजारी लिहिल्याने फाळके लहान होत नाहीत. त्यांनी हे काम कसे शक्य करून दाखवले, ते अधिक स्पष्ट होते.

४.४ सारांश

सावेदादा, दादासाहेब तोरणे, अण्णा साळुंके, दुर्गाबाई कामत, सरस्वतीबाई फाळके आणि आनंदराव पेंटर यांनी मराठी मुलखात चित्रपटकलेचा पाया घातला. साधनांचा नाश, नावाचा अनुल्लेख, श्रमांची उतरंड आणि ‘जनक’ ही कल्पना यांमुळे ते दुर्लक्षित राहिले. कोणाला ‘पहिला’ म्हणायचे हे आपल्या व्याख्येवर अवलंबून असते. म्हणून इतिहास वाचताना प्रथम व्याख्या तपासावी.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पुंडलिक’ला पहिला कथापट मानावे काय? दोन्ही बाजू मांडून तुमचे मत लिहा.
२. सरस्वतीबाई फाळके यांच्या कार्याची नोंद उशिरा का घेतली गेली असावी?
३. मूकपटांच्या नाशाची कारणे सांगा.

४.६ उपक्रम

चित्रपट-वितरणाच्या व्यवहारात विदर्भाचा समावेश असलेल्या विभागाला आजही ‘सी. पी. बेरार’ म्हणतात. प्रांत नाहीसा झाला, पण सिनेमाने त्याचे नाव जपले. तुम्ही कळमना किंवा नागपूरच्या अन्य भागात राहत असाल, तर परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला भेटा. यंत्र चालवणारा, तिकीट फाडणारा, भित्तिपत्रके चिकटवणारा किंवा तंबूतील सिनेमा पाहिलेला कोणीही चालेल. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने, दोन पृष्ठांत लिहून काढा. नाव, वर्ष आणि स्थळ यांची नोंद करण्यास विसरू नका.