मोठ्या शोभिवंत माशांसाठी टाकीचा आकार

पूर्ण वाढ झाल्यावर ज्यांची लांबी ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक होते, अशा शोभिवंत माशांसाठी मत्स्यालयाच्या टाकीची लांबी, रुंदी, उंची व जलधारणक्षमता ठरविणे, हा मत्स्यपालनातील एक मूलभूत विषय आहे. दुकानात विकले जाणारे मोठ्या जातींचे मासे बहुधा पाच ते दहा सेंटिमीटर लांबीची पिल्ले असतात. टाकी मात्र पिल्लाच्या नव्हे, तर प्रौढ माशाच्या मापाने निवडावी लागते. हा भेद लक्षात न आल्यास माशाचे आयुष्य खुंटते; पुढे तो नदीत किंवा तलावात सोडला गेल्यास स्थानिक जलचरांचीही हानी होते.

प्रौढ माशाची लांबी

भारतातील दुकानांत मिळणाऱ्या काही जाती आणि त्यांची प्रौढ लांबी साधारणपणे पुढीलप्रमाणे आहे :

* ऑस्कर : ३० ते ३५ सेंटिमीटर
* साधा गोल्डफिश : ३० सेंटिमीटरपर्यंत
* चंदेरी अरवाना : टाकीत सुमारे ८० ते ९० सेंटिमीटर
* रूपचंद अर्थात पाकू : ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक
* 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगस : एक मीटरपेक्षा अधिक
* रेडटेल कॅटफिश : एक मीटरपेक्षा अधिक
* ॲलिगेटर गार : दोन मीटरपेक्षा अधिक

यांपैकी पंगस व रूपचंद हे भारतात खाद्यमासे म्हणूनही वाढविले जातात. बाजारात तुकडे करून विकला जाणारा मासा आणि काचेच्या छोट्या टाकीतील 'शार्क' ही एकच जाती असते.

लांबीच्या नियमाची मर्यादा

'माशाच्या प्रत्येक इंचामागे ठरावीक पाणी' असा एक जुना नियम प्रचलित आहे. लहान, सडपातळ माशांसाठी तो काही प्रमाणात उपयोगी पडतो. मोठ्या माशांसाठी तो चुकीचा ठरतो. समान बांध्याच्या माशाचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १० सेंटिमीटरचा मासा ३० सेंटिमीटरचा झाला, तर त्याची लांबी तिप्पट होते, पण वजन सुमारे २७ पट होते. त्याचे खाणे, प्राणवायूची गरज आणि पाण्यात मिसळणारे उत्सर्जन यांतही केवळ तिपटीने नव्हे, तर त्याहून पुष्कळ अधिक वाढ होते.

टाकीचे माप

टाकीची लांबी प्रौढ माशाच्या लांबीच्या किमान तीन ते चार पट, आणि रुंदी किमान माशाच्या लांबीइतकी असावी, असा ढोबळ संकेत आहे. माशाला शरीर न दुमडता वळता यावे, हा रुंदीमागील हेतू होय. सतत पोहणाऱ्या पंगससारख्या माशांना याहून अधिक लांबी लागते. मोठ्या माशांच्या बाबतीत उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची असते. उंच व अरुंद टाकीत पाणी पुष्कळ मावले, तरी पोहण्यास जागा मिळत नाही. शिवाय हवेशी संपर्क येणारा पाण्याचा पृष्ठभाग लहान राहिल्याने प्राणवायूही कमी मिसळतो.

लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला १००० ने भागल्यास लिटरमधील आकारमान मिळते. एका ऑस्करसाठी १२० × ६० × ५० सेंटिमीटरची टाकी घेतल्यास ती ३६० लिटरची होते. अरवानासाठी २४० × ९० × ६० सेंटिमीटर, म्हणजे १२९६ लिटर, हे माप येते. रेडटेल कॅटफिशसाठी ४०० × १५० × १०० सेंटिमीटरची टाकी धरली, तर ६००० लिटर पाणी लागते. असा मासा घरगुती टाकीत ठेवण्याजोगा नाही, हे या हिशेबावरूनच स्पष्ट होते. फोटोतील मापे नव्हे, तर पाणी व खडे भरल्यानंतरचे प्रत्यक्ष आकारमान विचारात घ्यावे.

वजन व काच

एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम असते. ६० सेंटिमीटर उंचीच्या भरलेल्या टाकीतील पाण्याचा भार प्रत्येक चौरस मीटरवर ६०० किलोग्रॅम होतो. काच, खडे व स्टँड यांचे वजन वेगळे. भारतीय मानकांनुसार निवासी खोल्यांची जमीन साधारणपणे प्रत्येक चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम चल भार गृहीत धरून आखली जाते. त्यामुळे वरच्या मजल्यावर मोठी टाकी बसविण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागतो. काचेवरील दाब हा पाण्याच्या एकूण आकारमानावर नव्हे, तर खोलीवर अवलंबून असतो. म्हणून उंची वाढविल्यास काच अधिक जाड घ्यावी लागते.

पाण्याची शुद्धी

माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. गाळणीतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक असलेल्या नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. साठलेले नायट्रेट नियमितपणे काही पाणी बदलूनच कमी करावे लागते. टाकी निवडताना दर आठवड्याला तिच्या चौथ्या हिश्श्याएवढे, क्लोरिनमुक्त केलेले पाणी उपलब्ध होईल काय, हाही निकष असतो. १२९६ लिटरच्या टाकीसाठी हे पाणी ३२४ लिटर होते.

चंद्रपूर जिल्ह्यातील परिस्थिती

वरोरा व चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो : २० अंशांना एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि अमोनियाची विषारिताही वाढते. लहान टाकीतील पाणी लवकर तापते. मोठ्या टाकीतील सावकाश. म्हणून या भागात टाकी किमान मापापेक्षा मोठी घेणे, ती पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवणे, खोलीत कूलरची सोय करणे आणि वीज गेल्यास चालणारा बॅटरीवरील हवापंप बाळगणे हितावह ठरते.

'टाकीएवढाच मासा वाढतो' हा गैरसमज

लहान टाकीत माशाची वाढ मंदावते, हे खरे आहे. पण ते जुळवून घेण्याचे लक्षण नसून दूषित पाणी, ताण व अपुऱ्या हालचालीचा परिणाम असतो. अशा माशांत कणा वाकणे, रोगप्रतिकारशक्ती घटणे व अकाली मृत्यू हे दोष दिसतात.

मासे पाण्यात सोडण्याचे परिणाम

टाकीत न मावणारा मासा तलावात सोडणे हे भूतदयेचे कृत्य समजले जाते. प्रत्यक्षात ते घातक ठरते. २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार आढळला होता. टाकीतील शेवाळ खाण्यासाठी पाळला जाणारा सकर मासा देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. वरोऱ्याजवळून वाहणारी वर्धा नदी पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीला जाते. त्यामुळे येथे सोडलेल्या माशाचा प्रसार एका तलावापुरता राहत नाही. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजेच मामा तलावांवर, ढिवर समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. परकीय भक्षक मासे मरळ, रोहू, कटला यांची पिल्ले व अंडी फस्त करतात.

निवडीचे पर्याय

आशियाई अरवाना ही जाती धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्ट १ मध्ये समाविष्ट असल्याने ती बाळगण्यावर कायदेशीर बंधने आहेत. इतर मोठ्या जातींबाबत खरेदीपूर्वी प्रौढ लांबी व आयुर्मान तपासणे, हाच सुरक्षित मार्ग होय. जागा ३०० लिटरपेक्षा कमी असल्यास गप्पी, मोली, झेब्रा यांसारख्या लहान जाती निवडणे योग्य ठरते. वाढलेला मासा ठेवणे अशक्य झाल्यास तो विक्रेत्याकडे परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या पालकाकडे सोपवावा. नैसर्गिक पाण्यात सोडू नये.