राजीनामा लिहून घेऊ नका, हिशोब करा!



ऑर्डर कमी झाल्या, पगार झेपेना, की बरेच मालक कामगाराला म्हणतात, "तू राजीनामा लिहून दे, तुलाही बरं, आम्हालाही बरं." थांबा! काम कमी झालं हा कामगाराचा दोष नाही. याला कायद्यात 'कामगार कपात' म्हणतात आणि त्याचे पैसे हा कामगाराचा हक्क आहे, तुमची मेहरबानी नव्हे. उद्या राजीनामा दबावाखाली घेतल्याचं सिद्ध झालं, तर मागच्या पगारासह त्याला परत कामावर घेण्याची वेळ येऊ शकते.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे. व्हिडिओत हिशोब भराभर झाला, म्हणून इथे सावकाश पाहू.

समजा, तुमच्या वर्कशॉपमध्ये 12 माणसं आहेत. त्यातल्या एका ऑपरेटरची नोकरी 7 वर्षे 8 महिने झाली आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 8 वर्षे.

• नोटीस: एक महिना आधी, कारणासह लेखी. नाहीतर महिन्याचा पगार, 26,000.
• भरपाई: दरवर्षी 15 दिवसांचा सरासरी पगार. 13,000 × 8 = 1,04,000.
• ग्रॅच्युइटी: 26,000 × 15 ÷ 26 × 8 = 1,20,000.
• पुनर्कौशल्य निधी: आणखी 15 दिवसांचा पगार. तो निधीत भरायचा, तिथून कामगाराच्या खात्यात जातो.

चालू महिन्याचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे. थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. भरपाई मात्र कामावरून कमी करतानाच हातात पडली पाहिजे, "नंतर बघू" चालत नाही. सरकारलाही ठरलेल्या पद्धतीने कळवायचं.

कमी कोणाला करायचं? एकाच प्रकारच्या कामात जो शेवटी आला, तो आधी जातो. वेगळं करायचं असेल तर कारण लिहून ठेवा. आणि वर्षभरात पुन्हा भरती निघाली, तर पहिला मान त्याच माणसाचा.

म्हणून निर्णय सांगण्याआधी कागद-पेन घ्या, हा आकडा काढा आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवा. ज्यानं आठ वर्षं तुमचं मशीन चालवलं, त्याचं घर पुढचे काही महिने याच पैशावर चालणार आहे.